लाल तुकड्याचा आकडा

टॅब्लेटवरच्या शेताच्या नकाशात सात तुकडे हिरवे होते आणि कमी पिकणारा, विहिरीकडचा एकच लाल. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या शिक्षिकेला तो सहज दिसत होता. बाप-लेकीची हुज्जत त्यावरूनच चालली होती.

"बाबा, कुठे किती खत टाकायचं ते सगळं भरलं. लाल तेवढा राहिलाय."

"तिथे दुप्पट टाक."

"सहा वर्षं दुप्पटच टाकताय. खाली नुसता खडक आहे."

"खडकालाही भूक असते, पोरी."

"मग एकदा ढेकर तरी द्यायचा त्यानं! आई कधीची म्हणतेय, तिथे झाडं लावू."

"तुझ्या आईनं झाडं लावायला गच्चीसुद्धा सोडली नाही."

"आकडा सांगा, बाबा. त्याशिवाय नकाशा ट्रॅक्टरला पाठवता येत नाही."

शिक्षिकेनं हातातलं मासिक मिटलं.

"शून्य टाक," बाप म्हणाला. "आणि आईला फोन लाव, रोपं सांगून ठेव म्हणावं."