मुक्कामाच्या गाडीतली मांडी

सात वाजून दहा मिनिटं झाली होती. स्टँडवरच्या घड्याळात मी स्वतः बघितलं. थंडीचे दिवस, अंधार कधीच पडलेला. ऐका गं बायांनो, पाचवीचं जागरण आहे, तसंही आज कुणी डोळा लावायचा नाही.

माझी राही तेव्हा पाच महिन्यांची. आमचे हे वर सडेवाडीला एका गोऱ्या साहेबाकडं स्वयंपाकाला. तिथली निम्मी घरं फॉरेनरांनीच भाड्यानं घेतलीत. शांत वाटतं म्हणे त्यांना! जेमतेम पाऊण तासाचा घाट. मी मुक्कामाची शेवटची एसटी पकडली.

गाडी खच्चून भरलेली. आणि आपल्यात कसं, उभ्या बाईचं लेकरू बसलेली बाई मांडीवर घेते. खिडकीजवळची एक म्हणाली, "आण इकडं. धक्क्यानं आपटशील तिला."

पांढरीफटक बाई. केस मोकळे, कपाळ मोकळं, पायांत चप्पल नाही. तुम्ही म्हणाल, मालन, तुला कळलं कसं नाही? अहो, सडेवाडीच्या गोऱ्या बाया सगळ्या अशाच हिंडतात! उलट मला वाटलं, हिला मराठी येतंय, किती गुणाची. दिली पोर.

परक्याकडं गेली की राही गाडी डोक्यावर घेते. त्या दिवशी हूं नाही की चूं नाही.

पहिल्या थांब्याला माणसं उतरली. बाई म्हणाली, "राही दमलीय."

नाव मी सांगितलंच नव्हतं!

दुसऱ्या थांब्याला गाडी रिकामीच झाली. पुढं कंडक्टर बाबरमामा पेंगत होते. मी म्हटलं, "द्या आता, जागा मिळाली मला."

"राहू दे. पितेय."

बघते तर काय, माझी पोर तिनं छातीला लावलेली! "तुझं पुरत नाही तिला," म्हणाली. मी हात लावला. लेकरू गार. गार म्हणजे विहिरीच्या दगडासारखं गार!

मी ओढायला लागले. तिनं घंटीची दोरी ओढली. गाडी खिंडीत थांबली. बाई दार उघडून उतरली, पोरीसकट. मी तिच्यामागं दारापर्यंत धावले. ती खाली उभी, हात पुढं करून. "घे ना. वाक जरा. घे तुझी पोर." मी वाकले. आणखी वाकले. बोटाला टोपडं लागलं बघा...

मागून बाबरमामांनी अंबाडा धरून खेचली मला. "मेली असतीस बये! खाली दरी आहे! आणि पोर सीटवर टाकून निघालीस कुठं?"

वळून बघते तर राही सीटवर. एकटी. निळी पडलेली. दाराखाली कुणी नाही.

मामांनी तिला घोंगडीत गुंडाळून तळपाय चोळले. मी आठवतील तेवढ्या देवांना नवस बोलले. सडेवाडी आली तेव्हा कुठं रडली माझी बाय.

तिथली एक म्हातारी म्हणाली, "बाळंतपणाला डोलीतून खाली नेताना खिंडीतच गेली ती. पोटातल्यासकट. पूर्वी आम्ही लांबून ओळखायचो. आता गोऱ्यांत मिसळून जाते, कुणाला कळत नाही."

राही वाचली. पण माझं दूध त्या रात्रीच आटलं. डब्यावर वाढवली पोर. अजून झोपली की नाकापुढं बोट धरून बघते मी. हसा हौसाकाकू, हसा. तुमची तर मोठी झाली.

त्या गाडीनं जाऊच नका. जावंच लागलं तर हात तुटेस्तोवर उभ्या राहा, पण पोर कुणाच्या मांडीवर देऊ नका. आणि उद्या बाजारात कडेवर लेकरू असलेली जी बाई दिसेल, तिला हे सांगा. ओळखीची नसली तरी थांबवून सांगा.