नेव्हिलची लाल पक्कड

“…चालतंय ना अजून? मग झालं तर!” ऐकलंत? हे वाक्य मी तेवीस वर्षं ऐकतेय हो! कपडे धुवायच्या मशीनबद्दल सांगतेय. आणि म्हणणारा कोण, तर माझा नवरा, आमचं रत्न, नेव्हिल!

तुम्हाला सांगते, त्या मशीनचं बटण तुटून दहा वर्षं झाली, तिथे ह्यानं लाल मुठीची पक्कड अडकवून ठेवलीय, ती फिरवली की सुरू होतं, आणि पिळायला लागलं की उड्या मारत थेट दारापर्यंत! मग मी त्याच्यावर जाऊन बसायचं! आमच्या टॅमवर्थ गावातल्या, हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या बोलिंग क्लबची सेक्रेटरी मी, आणि दर सोमवारी घोड्यावर बसल्यासारखी… “अरे, नवं घेऊ या.” “नोलीन, चालतंय ना अजून?”

माझे चार ब्लाउज गंजाच्या डागांनी गेले तेव्हा “त्यात काय!” आणि गेल्या महिन्यात ह्याच्या बोलिंगच्या पांढऱ्या पँटला डाग पडला, तर लगेच जग बुडालं! धावत दुकानात. नवं मशीन सांगितलं, शुक्रवारी येणार. त्यात नगरपालिकेचा भंगार उचलायचा आठवडा, म्हणजे नको ते बाहेर ठेवायचं, गाडी यायच्या आत हवं त्यानं न्यायचं; सोमवारी जुनं ढकलत ढकलत फुटपाथवर नेऊन ठेवलं. चहा होईस्तोवर कोणीतरी उचललंसुद्धा! मी स्वयंपाकघरात नाचले हो, खोटं कशाला बोलू? आणि हा? तोंड पाडून, “माझी पक्कड त्यालाच राहिली गं…”

पण त्या आठवड्यात आमच्या गावातले पुरुष घरात बसतात होय? गाडीला ट्रेलर जोडायचा आणि गल्लीगल्ली हिंडायचं, आपला कचरा बाहेर, दुसऱ्याचा आत! गुरुवारी हॉर्नवर हॉर्न. “नोलीन! बाहेर ये! टेकडीवरच्या गल्लीत उभं होतं, फुकट! मी दुकानाला फोन करून आपलं नवं रद्दसुद्धा केलं!”

ट्रेलरवर मशीन. मशीनला पक्कड. लाल मुठीची!

“बघ, माणसं किती चांगली,” म्हणतो, “पक्कडसुद्धा सोबत दिली! अगदी माझ्यासारखी!”

“अरे दिवट्या, ती तुझीच आहे!” मी ओरडले. त्या बिचाऱ्यांनी नेलं, एकदा कपडे धुतले आणि हात जोडून पुन्हा रस्त्यावर ठेवलं! परक्या माणसांना एका धुण्यात कळलं ते ह्याला तेवीस वर्षांत कळेना!

हा वाकून बघतो. डोकं खाजवतो. मला वाटलं, आता तरी लाजेल. लाजतोय कसला? “अगं, मग तर फारच छान! आपल्या हाताच्या सवयीचंच आहे!” आणि घातलं की हो पुन्हा त्याच कोपऱ्यात!

आता तुम्ही विचाराल, मग काय केलंस? काय करणार? आज सोमवार. मघापासून बोलतेय ती त्याच्यावरच बसून. काय म्हणालात, आवाज थरथरतोय? छे हो, रडतेय कुठली… पिळायला लागलंय. चालतंय ना अजून!