थेंब न सांडल्याबाबत

जबाब
दि. ११/०२/२०२५, वेळ सकाळी ११.१० वा.

नाव : हौसराव सर्जेराव दोरगे, वय ६१ वर्षे, धंदा – शेती, रा. कासुर्डी, दोरगे मळा, ता. दौंड, जि. पुणे. मोबाईल आहे, नंबर सुनेला पाठ आहे.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून जबाब देतो की, मी वरील ठिकाणी कुटुंबासह राहण्यास असून माझ्या शेताच्या पूर्वेस दगडोबा बिरू आखाडे यांचे शेत व घर आहे. आमचा बांध एकच आहे. बांधावरील लिंबाच्या फांद्या तोडण्यावरून चार वर्षांपूर्वी आमच्यात बोलाचाली झाली. तेव्हापासून बोलणे नाही. त्याआधी होते. त्याबाबत मला अधिक काही सांगायचे नाही.

दगडोबा यांची मुलगी सुलक्षणा, वय २९, ही रांजणगाव एमआयडीसीतील एका कंपनीत डिझाईन इंजिनिअर आहे.

दि. ०९/०२/२०२५ रोजी रविवारी सकाळी १०.१५ वा. मी बांधावर उभा होतो. उभे राहण्याचे कारण विचारले असता, उभा होतो. दगडोबा यांच्या जुन्या गोठ्याचे दार उघडे होते. आत चाकांचा लोखंडी सांगाडा, तांब्याच्या पट्ट्या, दोन पांढरे कॅन व पुष्कळ नळ्या दिसल्या. पंप चालू होता. सुलक्षणा नळीखाली पांढरा कागद धरून उजेडात न्याहाळत होती. दगडोबा यांनी "आला का गं थेंब?" असे विचारले. ती "न्हाई आला" म्हणाली व दोघे हसले. तांबे, नळ्या, कॅन आणि थेंब यावरून ही हातभट्टी आहे असे मी समजलो. थेंब न आल्याचा आनंद कशासाठी, याचा मी त्या वेळी विचार केला नाही. मी १०.४० वा. ११२ नंबरला फोन केला. नाव विचारल्यावर प्रथम सांगितले नाही, नंतर सांगितले.

११.२५ वा. महिला पोलीस हवालदार सुषमा मॅडम आल्या. सरकारी काम असल्याने मीही बांध ओलांडून त्यांच्यामागे गेलो. मॅडमनी विचारल्यावर सुलक्षणाने सांगाडा घरी नेण्यास परवानगी दिल्याचे कंपनीचे पत्र व गेटपास दाखवला. तिने सांगितले ते मला समजले तेवढे असे. मोठमोठ्या कंपन्यांत कपाटासारखे सांगाडे असतात. त्यात खणासारखे सर्व्हर म्हणजे मोठे कॉम्प्युटर बसवतात. ते फार तापतात. पंख्याने भागत नाही म्हणून आतून नळीने पाणी व औषध खेळवतात. एक सर्व्हर बिघडला तर जुन्या पद्धतीत सगळ्यांचे पाणी बंद करावे लागते, नऊ पट्ट्या सैल कराव्या लागतात, दोन पाने, एक बादली आणि पाऊण तास लागतो. तेवढा वेळ बाकीचे चांगले सर्व्हरही बंद. सुलक्षणाने मागच्या बाजूस अशा तोट्या बसवल्या की खण पुढे ओढला की त्या आपोआप मिटतात व थेंबही सांडत नाही. बाकीच्यांचे पाणी चालूच राहते.

सोमवारी कंपनीत तिची पद्धत की जुनी पद्धत, याचा निकाल होता. तिचे साहेब म्हणत की, दुरुस्तीला येणारा माणूस शिकलेलाच असतो, त्याला कसेही जमते. सुलक्षणाचे म्हणणे की, न शिकलेल्याला जमले पाहिजे. म्हणून ती वडिलांकडून खण काढून घेत होती. मॅडमनी "मग जमतंय की यांना" असे म्हटल्यावर ती म्हणाली, "तीच तर अडचण झालीय. अकरा वेळा काढला त्यांनी. अण्णांचा आता उपयोग नाही, त्यांना यायला लागलं."

त्यावर मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खोटी खबर दिली तर काय होतं माहिती आहे ना? तक्रार तुमची. व्हा पुढं, दाखवा दारू कुठं आहे ती."

दारू आत असेल म्हणून मी खण ओढण्यास गेलो. माझी बोटे जाड आहेत. खिट्टीत बोट शिरले नाही. मी जोर केला तर खण न येता सांगाडाच चाकांवरून माझ्या अंगावर येऊ लागला. दगडोबा यांनी धावत येऊन तो मागून धरला व ओरडले, "हौशा, लेका सरळ वढ! रेडकू हाय का त्ये?"

मला हौशा असे चार वर्षांत कोणी म्हटलेले नाही.

मी सरळ ओढला असे मला वाटले, परंतु तिरका आला. कागदावर तीन थेंब पडले. मी घाबरलो. सुलक्षणा मात्र फार खूश झाली. "आप्पा, हेच मला सापडत नव्हतं!" असे मला म्हणून तिने मोजपट्टी लावून माझ्या बोटांचे फोटो काढले. खण तिरका येऊच नये म्हणून दोन्ही बाजूंस सरळ पट्ट्या हव्यात व खिट्टी मोठी हवी, असे तिने सांगितले. दगडोबा यांच्याकडे ड्रिल मशीन नाही. माझ्याकडे आहे. मी ते घेऊन आलो. भोके मी पाडली, पट्ट्या दगडोबा यांनी धरल्या. कामापुरते बोलणे झाले. नंतर कामापेक्षा थोडे जास्त झाले.

१.५० वा. नवीन माणूस म्हणून सुषमा मॅडमनी स्वतः खण काढला. एक मिनिट पन्नास सेकंद लागली. त्यांनी कागद उजेडात धरून पाहिला. तो कागद पंचनाम्यास जोडला आहे. त्यावर काहीही नाही.

सोमवारी दि. १०/०२/२०२५ रोजी मला जबाबासाठी बोलावले होते. मी येऊ शकलो नाही, कारण सुलक्षणाने मला रांजणगावला नेले. दुरुस्त केलेला खण मी एकदाही ओढलेला नव्हता. मी शिकू नये म्हणून तिने मला तो ओढू दिलाही नव्हता. तेथे सात अधिकारी होते. मी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी खण ओढला. तो सरळ आला. मोठ्या साहेबांनी खाली वाकून कागद पाहिला व मला विचारले, "मामा, ट्रेनिंग किती दिवस झालं?" मी म्हणालो, "ट्रेनिंग न्हाई सायेब. म्या ह्येंच्यावर पोलिसात तक्रार दिलीया."

साहेबांनी कागद पुन्हा एकदा पाहिला. पुढील चाळीस कपाटे सुलक्षणाच्या पद्धतीने करण्याचे दुपारी ठरले. ती बाहेर येऊन पार्किंगमध्ये उभी राहून रडली. मी दुसरीकडे पाहत होतो.

तरी सदर ठिकाणी हातभट्टी नव्हती व नाही. माझा गैरसमज झाला होता. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. दगडोबा यांची माझ्याविरुद्ध काही तक्रार आहे का, असे आज मॅडमनी त्यांना विचारले असता ते म्हणाले, "हाय. पर ती हितं न्हाई सांगायची."

आज त्यांनीच मला मोटारसायकलवरून येथे आणले असून ते बाहेर उभे आहेत. त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला आहे.

वरील जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे. तिसरा हॉर्न झाल्याने सही करून निघत आहे.

(सही)
हौसराव सर्जेराव दोरगे
समक्ष
(सही)
पोलीस हवालदार