चादरीमागचं घर

नाही नाही, स्टुडिओ नाही हा, बाबूसाहेब, कितीदा सांगू — घरच आहे माहं, चादरीच्या मागं आहे. तुमी चादर पाहून राहिले, म्हून तुमाले स्टुडिओ वाटते. काय म्हनलं? गोपिकाबाईच्या अर्जातल्या फोटोतही हीच चादर आहे? असनच ना, माहीच चादर ती — गल्लीत कोनाच्याही घरी फोटोवाला आला की माह्याच घरून मागून नेत. माह्या मायनं खाप्याच्या बाजारातून आनली होती, मधात हे मोठं कमळ. आता त्या एका कमळापायी तुमी आमाले बंद्याईले, साऱ्या गल्लीले, खोटं ठरवून राहिले. एक्काहत्तरले रस्ता रुंद कराले तुमचेच लोक आले होते, तेव्हा कोनी विचारलं नाही की यमुताई, तुमचं घर कुठं आहे — बरोबर सापडलं, दुपारपर्यंत पाडूनही झालं. अन् आता प्लॉट द्यायची वेळ आली तं म्हनता, चौसष्टच्या आधीपासून तिथं राहत होते याचा पुरावा आना. राशन कारड? राशन कारडावर देराचा, नवऱ्याच्या भावाचा, पत्ता आहे, कारड त्याच्याच घरी बनलं होतं. लाईटीचं बिल? अजी, कंदील होता आमच्या घरी, कंदिलाचं कोन बिल देते.

असं करा, इकडं या, उजेडात पाहा. हा छप्पनचा, दीक्षेच्या सालचा — पांढरं लुगडं नेसून बसली ते मी, मांडीवर वसंता, सहा महिन्याचा. आता डाव्या अंगाले पाहा, चादर संपते तिथं, हे गोल दिसते ना — गोपिकाबाईची घागर आहे ही. म्हनजे नळ तिथं होता. सरकारी नळ, पाचाले पानी येये, चारपासून घागरी नंबराले लागत, बाया एकमेकींच्या सात पिढ्या काढत अन् मंग एकमेकींच्याच डोक्यावर घागरी चढवून देत. नळापासून तिसरं घर माहं. अन् ह्या दुसऱ्या फोटोत हा लोखंडी दांडा — ताराचंदच्या दुकानातला हवा भराचा पंप. तासानं सायकल देये तो, लहान लेकराची एकच होती, तिले घंटी नव्हती, पोट्टे तोंडानं घंटी वाजवत जात. अन् हा धूर पाहा, फोटो खराब नाही झाला, भडभुंज्याची भट्टी पेटली आहे — सांजच्याले बंद्या बाया जवारी घेऊन लाह्या फोडाले येत, गल्लीभर वास सुटे. बंदं काठावर आहे, साहेब, बंदं चादरीच्या काठावर. परवा मी तिथं जाऊन आली. नळ कुठं, भट्टी कुठं, मलेच समजेना. अंदाजानं म्हनलं, इथं माही चूल असन, अन् उभी राहिली, तं ट्रकवाल्यानं शिवी दिली. माह्याच चुलीच्या जागेवर मी दोन मिनटं उभी नाही राहू शकली.

काहून लावली चादर, हे तुमी मले विचारून राहिले? बंदेच लावत. घर कशाचं होतं आमचं — वसंताचे बाबा लकडगंजात लाकडाच्या टालावर हमाल होते, तिथल्या वाकड्या फळ्या, सालपटं, मालकाले विचारून डोक्यावर घेऊन येत अन् रोज एक एक ठोकत. कोनत्या फळीवर टालाचा नंबर, कोनत्या फळीवर उलटी अक्षरं. दोन पावसाळे लागले त्याईले ते घर उभं कराले. अन् त्याईले त्याचं कौतुक, म्हनत, दिसू दे ना वं फोटोत, म्या बांधलं आहे. मी म्हनलं, नाही. फोटो माहेरी जायचे होते ना — अन् माहेरी म्या सांगून ठेवलं होतं की विटेचं घर आहे, वर टीन आहे, समोर ओटा आहे. माही माय मेली तोपर्यंत तिले तेच वाटे, की लेक विटेच्या घरात आहे. ते सोडा, ते नका लिहू.

चादर पकडत कोन? अजी, खिळा ठोकला की फळी फाटे, म्हून एक कोपरा देर पकडे अन् दुसरा वसंताचे बाबा. उंच होते, हात वर केला की झालं. हे पाहा, काठावर हे चार बोटं दिसतात — त्याईचे. ह्या फोटोत पन हे बोटंच. इथं करंगळीले चिंधी आहे, करवत लागली होती. पाच फोटो आहेत अन् पाचीत नुसते बोटं. मी बसली, वसंता बसला, सावनेरचा माहा भाऊ पाहुना आला तं तोही टोपी सरळ करून बसला. त्याईले कोनी म्हनलं नाही की आता तुमी बसा, दुसरं कोनी पकडते. मीच कधी म्हनलं नाही. आपलं बांधलेलं घर आपल्याच हातानं झाकून उभे राहत, बाबूसाहेब, माह्या सांगन्यानं. मले आता राग येते त्याचा. तुमचाही येऊन राहिला सकाळपासून, पन तुमचा कमी.

पिशवीत? पिशवीत काही नाही. आहे एक, पन तो तुमच्या कामाचा नाही. घर दिसते त्याच्यात, हो, बंदं दिसते — पन तो नाही दाखवायचा मले. आज शेवटची तारीख आहे, मले माहीत आहे, म्हून तं नऊ वाजतापासून तुमच्या बाकावर बसली आहो. दोन वर्षांपासून वसंता काकाच्या ओसरीत निजते, पाय बाहेर राहतात त्याचे, पावसाचं पानी आलं की उठून बसते. काकू भांडे आपटते. — घ्या. पाहा. त्रेसष्टचा आहे, मागं शिक्का आहे, तारीख आहे. काविळीनं गेले. मातीले न्यायच्या आधी देरानं फोटोवाला बोलावला, म्हने दादाचा एकही फोटो नाही घरात. खाट दारासमोर काढली होती. अन् त्या वेळेलेही मी म्हनलं — ह्याच तोंडानं म्हनलं — मागं चादर लावा. देर हळूच म्हने, वहिनी, चादर दादाच्या अंगावर आहे.

तं हे घर. हा दरवाजा, ह्या फळ्या, हा उलटा अठ्ठावीस, तिकडं नळ. मोजा आता, तिसरं आहे का नाही. चालते? चालते ना, मंग लिहा, अर्ज वसंता धोंडबाच्या नावानं. — फाईलीत? फोटो फाईलीतच राहते? वापस नाही भेटत? कॉपी कुठून देऊ मी, दाखवायचाच नव्हता तं कॉपी कशाले काढीन, अन् तिकडं तुमचा शिपाई खिडक्या लावून राहिला. साहेब, तोंड दिसते असा हा एकच आहे त्याईचा. डोळे मिटलेले आहेत, पन तोंड आहे. वसंता सात वर्षाचा होता तेव्हा, त्याले बाप आठवते तो ह्याच फोटोतून.

द्या इकडं. नाही, फोटो नाही, टाचनी द्या — मीच लावते. इथं दरवाज्यावर लावते, त्याईच्यावर नाही. काय? दरवाजा दिसला पाह्यजे? मोठ्या साहेबाले दरवाजा दिसला पाह्यजे. बरं. मंग तुमीच बोट ठेवून सांगा, बाबूसाहेब, कुठं टोचू.