सासूबाईंच्या खोलीखालची भिंत

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, आज निवृत्त होत असलेले आपले अभियंता साहेब, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पटकावून बसलेल्या बंधू-भगिनींनो,

मी बांधकाम ठेकेदार. मला पाच मिनिटं दिली आहेत, त्यातलं एक माइक खाली करण्यात गेलं. साहेबांचे गुण सगळ्यांनी सांगितले. मी माझा एक गाढवपणा सांगतो.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या हिने हुकूम सोडला, स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एक करा. मी मधल्या भिंतीवर टकटक केलं. पोकळ आवाज आला. म्हटलं, ही नुसती आडोशाची, हिच्यावर कसला आलाय भार! पोकळ काय होतं, माहितीये? प्लास्टर! ते विटांपासून सुटलं होतं, आणि त्यामागची नऊ इंची भिंत वरचा मजला तोलून उभी होती. वीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला हे कळू नये? नाही कळलं. घातला घण.

दाराएवढं भगदाड पडलं आणि छताला ही लांबलचक भेग गेली. वरून सासूबाई ओरडल्या, "जावईबापू, माझं कपाट आपोआप उघडतंय हो!"

मी जिन्यातूनच म्हटलं, "खाली या." त्या म्हणाल्या, "इतक्या धुळीत? मी नाही हलायची!" माझ्या हातून आज माणूस जाणार, अशी भीती वाटली. साहेबांना फोन लावून म्हटलं, "भिंत पाडलीय, छत तडकलंय, आणि सासूबाई वर बसल्यात!"

साहेब धावत आले. आधी छताला टेकू लावून घेतले, मग एकटेच वर गेले. म्हणाले, "आजी, तुमच्या खोलीला खालून लोखंडी गर्डर घालायचं जावयांनी मनावर घेतलंय. जरा शेजारी बसता का?" सासूबाई तुरुतुरु उतरल्या! शेजारणीला सांगतात, "सख्खा मुलगा करणार नाही एवढं करतो हो हा."

तेव्हापासून घरात माझा मान काय वर्णावा! आणि साहेबांनी ही गोष्ट कधीच कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर मला कुणी कोंबड्यांचं खुराडंही बांधायला दिलं नसतं. आता भिंतीला हात लावण्याआधी मी वरच्या मजल्यावर काय आहे आणि कोण आहे, ते बघून येतो. साहेब, तुम्ही जीव वाचवलात आणि अब्रूही. हे चारचौघांत सांगितल्याशिवाय तुम्हाला निरोप देणं मला जमलं नसतं.

शिवाय आज सासूबाईंचा गुडघा दुखतोय, त्या येणार नव्हत्या, म्हणूनच धीर...

तिसऱ्या रांगेत कोण उठलंय? सासूबाई, आपण केव्हा आलात? बसा ना. नाही बसायचं?

असो. आयोजकांचे मनःपूर्वक आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं. साहेब, तुम्ही संध्याकाळपर्यंत नोकरीत आहात ना? मग जरा खाली उतरून त्यांच्याशी बोलता का?