एवढं शिकून नर्सच?

नर्सिंगमध्ये पुढं काय काय शिकता येतं, हे घरी समजावून सांगून बघा एकदा! मी बीएस्सी नर्सिंग करून इस्लामपुरात आयसीयूत नोकरी करत होते. पुढच्या शिक्षणासाठी दोन वर्षं सांगलीला राहायचं मनात होतं, पण पोरगी तीन वर्षांची. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, तरी ते जेवायला बसल्यावर मी विषय काढला.

"एमएस्सी केलं तर कॉलेजात शिकवता येतं, मामा. पण मला नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय. तोही दोन वर्षांचाच कोर्स, फक्त शिक्षण बहुतेक आयसीयूतच, पेशंटजवळ. पुढं जबाबदारीही मोठी मिळते."

"म्हंजे डॉक्टर व्हणार?"

"नाही, नर्सच."

"आगं, आत्ता बी नर्सच हाईस की! मग पोरीला सोडून जायाचं कशापायी?"

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या सासूबाई बोलल्या, "आवं, तुमी पोरं माझ्या वटीत टाकून शिपायाचं हवालदार झाला, हवालदाराचं सुभेदार झाला. तवा मी इचारलं का, म्हंजे कर्नल व्हणार का म्हून?"

मामांनी ताटातली भाकरी मोडली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "दूध पिताना पोरगी लय नखरं करती. तेवढं कसं पाजायचं, ते मला शिकवून जा."