कवळी पाण्यात ठेव

टूथपेस्टनं? अहो, कवळी आहे ती, पितळेचा तांब्या नव्हे! साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशनं, हलक्या हातानं धुवायची — आणि रात्री कागदात गुंडाळून ठेवता? वा! तुमचं फोनवरचं मराठी कानावर आलं, म्हटलं चला, या कानडी मुलखात, चामराजपेटच्या दातांच्या दवाखान्यात कुणी शहाणं माणूस भेटलं — तर हे असं! रात्री पाण्यात बुडवून ठेवायची हो, सुकली की वाकडी होते. माझी पहिली अशीच गेली. आमची सून संयोगिता — कंपनी मोठी, पगार मोठा, अक्कल बेताची — कामवाल्या गंगव्वाला म्हणाली, ‘कवळी पाण्यात ठेव.’ ती मान डोलावून म्हणाली, ‘सरी अक्का.’ आता कन्नडात कावली म्हणजे तवा! तिनं डोशाचा तवा ठेवला रात्रभर बुडवून. सकाळी तवा गंजलेला, आणि माझे दात खिडकीत वाळत पडलेले. मग शुभंकरनं, माझ्या मुलानं, रजा टाकली, स्वतः घेऊन आला मला इथं. कधी नव्हे तो दिवसभर माझ्याजवळ! जाताना हॉटेलात इडली सांबारात कुस्करून भरवली. लोक बघत होते, मेल्याहून मेल्यासारखं झालं — पण खाल्ली हो, सगळी खाल्ली.

दुसरी? दुसरी बेसिनमध्ये पडून फुटली. धुताना खाली टॉवेल अंथरावा, म्हणजे पडली तरी फुटत नाही — एवढंही ठाऊक नाही तुम्हांला? मला ठाऊक होतं, चांगलं ठाऊक होतं. मग? मग काय, नव्हता अंथरला. आणि तिसरी उकळत्या पाण्यात — असं काय बघताय? वय झालंय माझं, चुकतो हात! आला ना शुभंकर दोन्ही वेळा, इडलीही झाली —

आज? आज चौथी घ्यायचीय, तर गंगव्वा आलीय सोबत, ती काय, दाराशी फोनवर खिदळतेय. त्याला मीटिंग आहे. पण डॉक्टरांशी बोलून ठेवलंय त्यानं — आत जाळी घातलेली कवळी, आपटली तरी फुटायची नाही म्हणे. काल केवढा खूश होता! ‘आई, आता वर्षानुवर्षं तुला तिथं न्यायला नको’...

रुमाल नकोय मला. उठा, तुमचं नाव पुकारतायत.